आई पाणी आणायला गेली

आमच्या मुलांच्या वॉर्डात एक रीत होती. सलाईनची सुई लावायची वेळ आली की आधी आईला बाहेर काढायचं. मूल ‘आई कुठे?’ म्हणून रडलं, की दोघी नर्सांनी त्याचे हातपाय धरायचे आणि सुई लावणारीने गोड आवाजात सांगायचं, “आई पाणी आणायला गेली, आत्ता येईल हं.” मीही सांगायचे. जीभ जड व्हायची, पण वर्षानुवर्षं चालत आलेलं, बोलणार कोण?

मग गोरेगावची एक चार वर्षांची मुलगी आली. न्यूमोनिया झालेला, हातावरची सुई सारखी निघायची, पुन्हा लावावी लागायची. एका दुपारी पाहिलं तर तिच्या आईचे ओठ सुकलेले, उशाशी रिकामी बाटली.

“ताई, पाणी भरून आणा की.”

“कशी जाव, सिस्टर? बाटलेक हात लावलंय की ह्या रडाक लागता.”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सुईची भीती समजू शकते. आम्ही पोरीला पाण्याच्या बाटलीची भीती घातली होती!

तशीच इन्चार्ज सिस्टरांकडे गेले. “यापुढे आईला बाहेर काढून मी सुई लावणार नाही.”

“अगं, आई चक्कर येऊन पडली तर?”

“पडली तर मी उचलीन. पण खोटं बोलणार नाही.”

त्या म्हणाल्या, “कर बाई. पण जमलं नाही तर माझ्या पद्धतीने.”

मुलीला आईच्या मांडीत बसवलं. “दुखणार आहे गं. पण आई इथेच आहे,” मी सांगितलं. तिने बोंब ठोकली, मला चार शिव्या हासडल्या, पण हात हलवला नाही. पहिल्याच टोचणीत सुई शिरेत! मला वॉर्डातच नाचावंसं वाटलं. इन्चार्ज सिस्टरांनी स्वतः पट्टी चिकटवली आणि “झकास” एवढंच म्हणाल्या.

पुढच्या खेपेला आई मांडी घालून बसली, त्याच्या पुढच्या खेपेलाही. इतर आयांनीही मग जागा सोडायचं नाकारलं, आणि ती रीत तिथेच मेली.

एका सकाळी पोरीने रिकामी बाटली उचलून आईच्या हातात दिली.

“आये, जा. पाणी घेवन ये.”

मला दारातून दिसत होतं. आई नळाशी उभी राहून आधी स्वतः घटाघटा प्यायली, मग तिने बाटली भरली. आत पोरगी खुशाल पाय हलवत बसली होती.