जाहिरातीतलं नाव

नागेश सबनीस हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. एकतीस वर्षं ते व्यावसायिक नाटकांत रिप्लेसमेंट होते. मुख्य नट आजारी पडला, रुसला किंवा शूटिंगमध्ये अडकला की दुपारी सबनीसांना फोन जायचा आणि संध्याकाळी प्रयोग वेळेवर उभा राहायचा. जाहिरातीत नाव मात्र त्या रुसलेल्याचंच. सिनेमात त्यांनी बावीस वेळा डॉक्टर केला. ऑपरेशन थिएटरचं दार उघडायचं, चष्मा काढायचा आणि मान हलवायची. मंडईत लोक त्यांना ओळखायचे, पण चेहऱ्याने.

पाठांतर मात्र विलक्षण. सहा नाटकं, त्यांतल्या सगळ्या पात्रांच्या वाक्यांसकट मुखोद्गत. समोरचा नट अडखळला की सबनीस असं काही पदरचं वाक्य घालायचे की पहिल्या रांगेलाही पत्ता लागत नसे. ज्याला सांभाळून घेतलं तो आत गेल्यावर आभार मानायचा नाही, हेही आलंच.

२०१३च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी यमुनाबाई गेल्या आणि सप्टेंबरच्या अखेरीस मुलगा विनय वडिलांना तीन महिन्यांच्या व्हिसावर जर्मनीत रेगेन्सबर्गला घेऊन आला. विनय तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. घरात सून संपदा आणि आठ वर्षांची मुक्ता. आजोबा मराठीत गोष्ट सांगायचे, मुक्ता जर्मनमध्ये प्रश्न विचारायची, आणि दोघांचं बरं चाललं होतं. नोव्हेंबर लागला तसं डॅन्यूब नदीवरचं धुकं दुपारीसुद्धा हटेना. सबनीसांना ते दिवस मुळीच आवडले नाहीत.

अशात पुण्याहून निर्माते उल्हास कर्वे यांचा फोन आला. जुनं नाटक पुन्हा काढतोय, जानेवारीत तालमी. "अण्णांची भूमिका या वेळी तुमची. जाहिरातीत पहिलं नाव तुमचं." ही भूमिका सबनीसांनी दुसऱ्याच्या नावावर चाळीस वेळा केली होती. त्यांनी विचार करून कळवतो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

विचार करण्यासारखं एक कारण होतं, ते त्यांना एकट्याला ठाऊक होतं. अण्णांचा तिसरा अंक जसाच्या तसा आठवायचा, पण सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे. एकदा बसमधून उतरल्यावर घराचा रस्ताच सापडेना. दोनदा चहा मागितला की म्हणायचे, "पहिला तालमीचा होता." विनय हसायचा. संपदा हसत नसे. पुण्याला एकटं पाठवायचं तर आधी तपासणी, असं तिने ठणकावून सांगितलं.

"बाबा, हाउसआर्ट्स्टचा टेर्मिन मिळालाय, फॅमिली डॉक्टरची वेळ," विनय म्हणाला. "आल्झो, म्हणजे फक्त रुटीन चेकअप."

डॉक्टरीणबाईंनी तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. सबनीसांना एकही आठवला नाही. ते खुर्चीत ऐटीत मागे रेलले. "यांना सांग विनय, नट तिसरी घंटा झाल्याशिवाय तोंड उघडत नाही." विनयने भाषांतर केलं, बाई मनापासून हसल्या. आज वार कोणता? "नाटकवाल्याला दोनच वार, प्रयोगाचा आणि बिनप्रयोगाचा." बाई पुन्हा हसल्या. विनयला बाबांचा अभिमान वाटत होता, म्हणून भाषांतरही त्याने रंगवून केलं. त्याने फसवलं असं नाही म्हणता येणार. बापाच्या बाबतीत माणूस आंधळा असतो, एवढंच. वयाच्या मानाने ठीक आहे, सहा महिन्यांनी या, असं बाई म्हणाल्या.

घरी येताच सबनीसांनी पुण्याला फोन लावला. संपदा समोर मेथी निवडत होती.

"उल्हासराव, माझा होकार."

"नागेशराव, तुम्ही परवा फोन केला होतात. तुम्हीच नाही म्हणालात."

"मी?"

"डोकं साथ देत नाही म्हणालात. आणि म्हणालात, मी हे विसरून पुन्हा फोन करेन, हो म्हणेन, तेव्हा ऐकू नका. शपथ घातलीत मला." उल्हासरावांचा आवाज पडला. "भूमिका श्रीनाथला दिली काल."

सबनीसांनी फोन कानापासून थोडा दूर धरला. परवाचा दिवस त्यांनी खूप शोधला. परवा फोन करणाऱ्या त्या सबनीसांचा त्यांना रागही आला, आणि त्याच्याइतकं खरं आपण इतक्यात बोललो नाही हेही कळलं.

"बरोबर केलंत," ते म्हणाले, आणि फोन संपदाच्या हातात दिला.

"काय झालं, बाबा?"

"भूमिका गेली. लिहून ठेव कुठेतरी. उद्या मी पुन्हा फोन करायला बसेन," सबनीस म्हणाले. "करू देऊ नकोस."