घोड्यापुढचं प्यादं

बुद्धिबळाचा डाव मांडला की आधी समोरच्याला सलाम करायचा, हा आमच्या अब्बांचा रिवाज. माझ्या लॅपटॉपशी खेळताना मात्र त्यांनी तो कधी केला नाही. "रोज राजापुढचं प्यादं दोन घरं टाकतो. पाठांतराचं पोरगं हाय हे," म्हणायचे.

त्यांच्या टोमण्यांना वैतागून मी लॅपटॉपमधल्या बुद्धिबळाच्या इंजिनाला डावाच्या शेकडो सुरुवातींची फाइल जोडली आणि त्यातली कोणतीही निवडायची मोकळीक दिली. दुसऱ्या दिवशी औंढ्याच्या आमच्या दुकानात त्यानं घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवलं.

अब्बा थबकले. "ही तर आमच्या उस्तादांची चाल. याला कुणी सांगितली?"

अब्बांना बुद्धिबळ शिकवणाऱ्या उस्तादांना जाऊन कैक वर्षं झाली होती. फाइल मीच जोडलेली, तरी माझ्या अंगावर काटा आला. अब्बांनी टोपी सारखी केली आणि पडद्याकडे बघत सलामासाठी हात कपाळाला नेला.