आडवी ठेवलेली काठी

बायसनने शेपटी वर उचलली आणि मी पळाले. हे आधीच सांगून टाकते. माझ्या थोरल्या जाऊबाई, सत्याहत्तर वर्षांच्या, काठी टेकत चालणाऱ्या, त्यांना पायवाटेवर एकटं सोडून मी गाडीकडे पळाले. मागून त्यांचा आवाज आला, चढा नव्हता. "कुसुम, पाठ फिरवू नकोस." मी फिरवली होती.

कॅनडात एडमंटनबाहेरच्या राखीव रानातली गोष्ट. शेपटी उभी झाली की हा दांडगा रानगवा अंगावर येतो, असं फाटकावरच लिहिलं होतं. त्यांचा मुलगा नितीन वॉशरूमला गेलेला. मी गाडीत शिरून दार लावलं आणि काचेतून बघत राहिले. त्या जनावराने एकदा डोकं हलवलं असतं तरी संपलं होतं. जाऊबाई गुडघे दुखत असताना वाकल्या, हातातली काठी जमिनीवर आडवी ठेवली. नजर त्याच्यावरच. मग एकेक पाऊल मागे...

हे त्या कुठे शिकल्या, मला माहीत होतं. आदल्या वर्षी नितीनने आम्हाला न्यूझीलंडला नेलं होतं. तिथे पक्ष्यांच्या राखीव जंगलात शिरताना बूट घासून घेतले, पिशव्या उलट्या केल्या, बाहेरचं बी आत जाऊ नये म्हणून. जाऊबाईंच्या पिशवीतून धण्याची पुडी निघाली. "पित्तावर आहेत," असं त्या मराठीतच तिथल्या तपासणाऱ्या पोरीला समजावत होत्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या अंगणात गेलो. एक तरुण भाला फिरवत, डोळे वटारत आमच्यावर चालून आला. मी जाऊबाईंच्या मागे लपले. त्याने जमिनीवर एक पान ठेवलं. आमच्या वतीने नितीनने ते उचलायचं, नजर न हटवता. नितीनला भीतीने हसू फुटायला लागलं. "हसलास तर बघ," जाऊबाई मागून म्हणाल्या. "तो विचारतोय, भांडायला आलात की भेटायला." नंतर त्या लोकांतल्या एका म्हातारीच्या नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून त्या शांत उभ्या राहिल्या. मी लांबूनच हात जोडले.

बायसन शेवटी मान वळवून चरायला लागला. जाऊबाई गाडीत येऊन बसल्या. "काठी राहिली," म्हणाल्या. "जातेस आणायला? पळतेस तर चांगली." नितीनने ती नंतर आणली. त्या दिवसाबद्दल त्या मला पुढे कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलात डॉक्टरांनी हात टेकले. मला भीती वाटते, असं जाऊबाईंच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. माझं मनगट धरून म्हणाल्या, "आता पळशील का गं?" मी नाही म्हटलं. पळावंसं वाटत होतं. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, दीड दिवस. त्या बघत होत्या तोवर मी नजर हलवली नाही.

काठी आता माझ्या दाराशी, बर्फाच्या फावड्याजवळ उभी असते. निसरडं झालं की मी तीच घेऊन निघते. बायसनसमोरून आम्ही दोघी परत आलो होतो. हॉस्पिटलातून मी आले.