उलट्या आट्यांचा स्क्रू

खंडोजीरावांचं काम चोख होतं. सायकल मी बिघडवली होती.

हे वाक्य दीड वर्षापूर्वी इथेच लिहायला हवं होतं. परवा खंडोजीराव गेले, म्हणून आज लिहिते आहे. यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

माझी ती जुनी पोस्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. ‘लष्कर मोहल्ल्यातल्या या दुकानात सायकल देऊ नका. जिवाशी खेळ आहे.’ खाली खंडोजीरावांच्या दुकानाचा फोटो आणि माझं बँडेज बांधलेलं कोपर.

अनेकांनी शेअर केली होती. त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

रिटायर झाल्यावर इथे म्हैसूरला मी एक जुनी टूरिंग सायकल घेतली. तिच्या गियरचे लिव्हर खाली, फ्रेमच्या दांडीवर. दर वेळी हँडल सोडून वाकायचं, आणि माझा उजवा खांदा तयार नाही.

खंडोजीराव म्हणाले, पूर्वी हँडलच्या टोकांत बसणारे लिव्हर यायचे. बार-एंड शिफ्टर. हात न सोडता गियर बदलतो. हल्ली मिळत नाहीत, पण बघू.

त्यांचं ‘बघू’ सात महिने चाललं.

उजवा लिव्हर मोहल्ल्यातल्याच भंगारवाल्याकडे सापडला. डावा काही मिळेना. मग कळलं, योग शिकायला आलेला कुणी परदेशी माणूस जाताना सायकल देऊन गेला होता. ती आता सरगूर गावात आहे आणि तिच्यावरून दूध घातलं जातं.

खंडोजीराव बस धरून सरगूरला गेले.

दूधवाला गियर कधी वापरत नव्हता. लिव्हरला तो दुधाचं माप अडकवायचा. आता माप कुठे अडकवू, म्हणाला. खंडोजीरावांनी त्याला तिथल्या तिथे एक हूक बसवून दिला आणि लिव्हर घेऊन आले.

दोन्ही लिव्हर त्यांनी रॉकेलमध्ये भिजवले, जुन्या टूथब्रशने घासले, आतल्या झिजलेल्या वॉशरच्या जागी पत्रा कापून नवी बनवली. या लिव्हरला टक-टक असे टप्पे नसतात. चेनची खरखर थांबेपर्यंत हळूहळू सरकवायचा. ते मला मागे स्टँडवर चाक फिरवून ऐकायला लावायचे. ‘अजून स्वल्प. अजून. हां, गप्प झाली बघा.’

त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. घरात मराठी, पण निम्मी कन्नड. मी पुण्याची. त्यांची वाक्यं मी भर दुकानात दुरुस्त करायची. ते हसून घ्यायचे.

लिव्हर बसवून झाल्यावर त्यांनी मला मुद्दाम जवळ बोलावलं.

‘मेडम, इकडं नोडी, हे बघा. आतल्या स्क्रूचे आटे उलटे हाईत. डावीकडं फिरवला की घट्ट. हलायला लागलं तर तुम्ही हात लावू नका, माझ्याकडं या.’

‘खंडोजीराव, मी तीस वर्षं फिजिक्स शिकवलंय.’

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली. मला बरं वाटलं.

पुढे महिन्याभराने उजवा लिव्हर किंचित हलायला लागला. मी घरीच तो उघडला, ॲलन की घातली आणि जगातले सगळे स्क्रू फिरवतात तशी उजवीकडे फिरवली. आधी जड लागली, मग फिरली. घट्ट झाला, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी चामुंडी टेकडीच्या चढावर लिव्हर केबलसकट हातात आला आणि मी पडले. कोपर सोलवटलं, चष्मा फुटला.

त्याच दुपारी पोस्ट टाकली. सायकलवाल्यांच्या ग्रुपवरही.

तीन दिवसांनी एका मोठ्या, काचेच्या दुकानात सायकल नेली. तिथल्या मेकॅनिकने की डावीकडे फिरवली आणि म्हणाला, ‘पार्ट चांगला आहे, मॅम. लेफ्ट थ्रेड आहे. कुणीतरी उलटा फिरवलाय.’

मी ‘अच्छा’ म्हटलं.

घरी येऊन पोस्ट डिलीट केली. डिलीट केली म्हणजे चूक दुरुस्त झाली, अशी स्वतःची समजूत घातली. वर्गात फळ्यावर चूक झाली की सगळ्यांसमोर ‘माझं चुकलं’ म्हणणारी बाई मी.

महागड्या सायकलवाल्यांनी तोवर खंडोजीरावांकडे जाणं सोडलं होतं.

सहा महिन्यांनी मी दुकानात गेले. सांगायलाच गेले होते. खंडोजीराव पंक्चर काढत बसले होते. उठले, आधी कोपराची चौकशी केली. मग म्हणाले,

‘गियरचं काम सोडलं मी, मेडम. एवढ्या वर्षांत असं कधी झालं न्हवतं. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही लिहिलं म्हणजे माझंच चुकलं असणार. हात आता भरवशाचा राहिला नाही.’

त्यांनी हात पुढे धरून दाखवला. कापत नव्हता.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं,

‘वय झालं की व्हायचंच.’

हे मी म्हटलं. खरं माहीत असताना म्हटलं. मग चाकात हवा भरून घेतली आणि घरी आले.

काल त्यांच्या घरी गेले. त्यांची मुलगी शारदा हिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली,

‘अप्पा रोज संध्याकाळी हात बघत बसायचे. त्यांना सांगायचं होतं न्हवं हे?’

निघताना ती एवढंच म्हणाली, ‘जिथं ते लिहिलं होतं, तिथंच हे लिहा.’

लिहिलं. ग्रुपवरही टाकते आहे. ही पोस्ट डिलीट होणार नाही.

खाली मला धीर देणारं काही लिहू नका. लिहायचंच असेल तर खंडोजीरावांनी तुमची कुठली सायकल दुरुस्त केली होती ते लिहा. शारदा वाचणार आहे.

दोन्ही लिव्हर अजून पक्के आहेत.

खंडोजीराव, तुमचा हात शेवटपर्यंत भरवशाचा होता. तुम्हाला माझा नमस्कार.