मॅडमच्या फोनवर आलेला रिपोर्ट

"पोळपाट ठेव खाली. आजपासून तू स्वयंपाकाला हात लावायचा नाहीस. फक्त फरशी आणि बाथरूम."

प्रताप नगरातल्या मॅडम असं म्हणाल्या तेव्हा माझे हात कणकेनं भरलेले होते. नऊ वर्षं त्यांनी माझ्याच हातच्या पोळ्या खाल्ल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "घरात लहान मुलं आहेत." मी गुमान फरशी पुसायला लागले. चोरीचा आळ असेल, असं वाटलं. पुढं विचारायची छाती झाली नाही. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

आठ महिन्यांनी, पाळी नसताना अंगावरून लाल जायला लागलं. सरकारी दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी नाव शोधलं आणि माझ्यावरच ओरडल्या, "कॅम्पमधली तपासणी पॉझिटिव्ह आली, तीन मेसेज केले. होतीस कुठे?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पोळपाट सुटायच्या थोडे दिवस आधी कॉलनीच्या हॉलमध्ये कामवाल्या बायांसाठी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी ठेवली होती. आम्ही सात जणी गेलो. घरचा फोन नवऱ्याजवळ. तो वाडीला गोदामात ट्रक भरतो. असला मेसेज त्याच्या दोस्तांसमोर यायला नको, म्हणून फॉर्मवर मी मॅडमचा नंबर दिला. बाकीच्यांच्या घरीही तसंच, त्यांनीही आपापल्या मॅडमचा दिला. मोठ्या विश्वासानं. शिकलेली बाई सांगेल म्हणून.

तशीच त्यांच्या दारात गेले. "मॅडम, मेसेज आलता न तुमाले? काहून नाई सांगतलं मले?"

"असल्या आजाराबद्दल मी काय बोलणार? तो कशाने होतो, ते तुलाच माहीत."

नवऱ्याशिवाय कोणाचं बोट लागलं नाही मला. पण हे मी तिला कशाला सांगू? "मराले सोडलं तुमी मले," एवढंच बोलले. काम सोडलं.

दवाखान्यात दुर्बिणीनं बघून तपासणीला तुकडा काढला. कॅन्सरच निघाला. किती पसरला ते एमआरआयमध्ये कळेल. नंबर पंधरा दिवसांनी. डॉक्टरांना विचारलं, "तवाच आली असती तर?" ते कागदाकडे बघत म्हणाले, "आता पुढचं बघू." मी बाकावर बसून राहिले. स्वतःच्या अंगात काय चाललंय ते बघायलाही रांग. रडूही येईना.

मग बाकीच्या सहा जणी आठवल्या. त्यांचेही रिपोर्ट मॅडम लोकांच्याच फोनवर.

काल सहाही घरं फिरले. एकीलाही कोणी काही सांगितलेलं नाही. एक म्हणाली, "सुट्टी नाई देत वं मॅडम."

मी म्हटलं, "मांगूच नको."

उद्या सकाळी आठला आम्ही साती जणी दवाखान्याच्या खिडकीवर उभ्या राहणार. प्रत्येकीचा रिपोर्ट हातात पडेपर्यंत हलणार नाही. मॅडम लोकांची भांडी मॅडम लोकांनी घासावीत.