आम्ही खाल्लेलं बियाणं

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. ओल्या फडक्यात गहू बांधून ठेवायचा, तिसऱ्या दिवशी सोडून मुलांना मोड दाखवायचे आणि सांगायचं, बघा, दाणा मेलेला नसतो, तो थांबलेला असतो. हे पाठ असलेल्या बाईनं सख्ख्या भावाचं बियाणं कुकरमध्ये सहा शिट्ट्या देऊन शिजवलं आणि वर लिंबू पिळून खाल्लं. एकदा नाही, तीन महिने. पहिल्या वाटीला मी चूक म्हणून सोडून देईन. पुढच्या वाट्यांना काय म्हणायचं ते माझं मला माहीत आहे.

सुरुवात ह्यांच्या शुगरपासून झाली. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला, मैदा बंद केला आणि अख्खं धान्य खायला सांगितलं. माझा स्वभाव असा की कोणी एक सांगितलं की मी दहा करते. दुसऱ्याच दिवशी चक्कीवर न्यायच्या पिंपातला लोकवन गहू मी भिजत घातला आणि सकाळी शिजवला. त्याचा लगदा झाला. यांनी चमचा उलटा करून बघितला, तो खाली पडेना. मग शरबती आणला. तो वरून फुटला, आतून चिकट झाला, आणि तीन दिवस घरात त्याचीच खिचडी चालली.

"मी माणूस आहे का कबुतर?" यांनी ताट सरकवलं.

"कबुतरांना शुगर होत नाही," मी म्हणाले. आमच्या घरात भांडण असंच चालतं.

तेव्हा मला बन्सी गहू आठवला. आमच्या वडिलांच्या शेतात तोच असायचा. पाण्याशिवाय, नुसत्या ओलीवर येणारा, लांबट, मधासारख्या रंगाचा दाणा. दाताखाली धरला तर कट्कन आवाज येतो, आणि तुटल्यावर आत पांढरं पीठ दिसत नाही, काचेसारखं दिसतं. शेवया आणि रवा त्याचाच. असा दाणा शिजून मोकळा राहणार हे मला कळायला हवं होतं. मी इतवारीच्या धान्यबाजारात दोन दुकानं फिरले. बन्सी म्हणून जो दाखवला त्याचे दाणे लहानमोठे होते, अर्धे फिकट. मी नाक मुरडून परत आले.

आणि खरा बन्सी माझ्याच घरात, दिवाणाखाली होता.

माझा धाकटा भाऊ पारशिवनीजवळ शेती करतो. बाकीच्या वावरात तो पेरतो सगळे पेरतात तेच, पण विहिरीपलीकडच्या पट्टीत वडिलांचा बन्सी त्यानं सोडला नाही. उत्पन्न कमी, मेहनत तेवढीच, लोक हसतात. त्या वर्षी ऐन काढणीच्या आधी गारपीट झाली आणि पट्टी झोपली. भावजयीनं चिखलातून ओंब्या वेचल्या, अंगणात वाळवल्या, हातानं मळल्या आणि एकेक दाणा निवडून पंधरा किलोचा एक डबा भरला. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या घराची कवेलू काढून स्लॅब टाकायचा होता. उघड्या घरात उंदीर, धूळ, मजूर. म्हणून मे महिन्यात भाऊ तो डबा मोटारसायकलला बांधून नागपूरला घेऊन आला.

"ताई, एवढंच वाचलं हाये," तो म्हणाला. "तिनं राख लावली, औषध-बिवषध काही नाई. दिवाळीच्या आधी नेतो. तुझ्याकडं हाये म्हणजे मले घोर नाई."

मी म्हटलं, "ठेव रे, इथं कोण खातंय?"

जुलैत एका सकाळी मी दिवाणाखालून डबा ओढला. एक वाटी घेतली. राख चार पाण्यांनी धुतली, रात्रभर भिजवलं, सकाळी मोठ्या आचेवर सहा शिट्ट्या आणि मग वीस मिनिटं बारीक गॅसवर. पाणी निथळून परातीत पसरलं. दाणा न दाणा वेगळा! वर कांदा, काकडी, कोथिंबीर, दाण्याचं कूट, जिरं-हिंगाची फोडणी. यांनी पहिला घास चावला, दुसरा चावला, आणि काही न बोलता वाटी पुढे केली. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं काही न बोलता वाटी पुढे केल्याचं मला आठवत नाही.

एका वाटीनं काय होतं, असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात तेच म्हटलं. मग म्हणायचंही बंद झालं. निथळलेलं पाणी कढीत घालायचं, उरलेले गहू संध्याकाळी मुगाच्या डाळीत टाकायचे, कधी गूळ-खोबरं घालून खीर करायची, यांना चमचाभर आणि मला वाटीभर. शुगर थोडी उतरली. मला तर पंख फुटले. कॉलनीतल्या बायकांच्या योगवर्गात मी डबा घेऊन गेले. "पॉलिश केलेलं काय खाता गं, हे खा. आमच्या शेतातला आहे, असा आता बघायला मिळत नाही." असा आता बघायला मिळत नाही, हे मी माझ्या तोंडानं सांगत होते आणि शिजवत होते! पंधरा जणींना पुरेल एवढा दोनदा केला. दोघी-तिघींना घरी करून बघायला किलो-किलो दिलाही. दानशूर बाई मी.

डब्यात किती उरलं ते मी बघत नव्हते असं नाही. हात घातला की आधी मनगट बुडायचं, मग कोपर आत जायला लागलं. पण गहू काय, कुठेही मिळतो, असं मी धरून चालले होते. शहरात राहून राहून माझं हेच झालं आहे. पिशवी संपली की दुसरी आणायची.

दसरा झाला आणि भावाचा फोन आला. "ताई, बुधवारी येतो बी घ्याले. वावर तयार झालं."

मी डबा उघडला. तळाशी चार बोटं गहू. मी तिथंच फरशीवर बसले. हे म्हणाले, "सांगून टाक त्याला. भाऊच आहे." किती सोपं होतं ते. पण मी मोठी बहीण. त्याला बाराखडी मी शिकवली, त्याच्या लग्नात मी मिरवले, त्याच्या घरी गेले की भावजयीच्या डाळीत मीठ कमी आहे हे मीच सांगते. त्या भावजयीसमोर मी काय सांगणार, की तुमचं बी मी कांद्याकाकडीत घालून खाल्लं?

सोमवारी मी पुन्हा इतवारीत गेले. ज्या दुकानात नाक मुरडलं होतं तिथूनच तेरा किलो आणला. फिकट दाणे बाजूला काढले. घरी येऊन, अहो, मी चक्क वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले, कारण शिक्षिकेचं डोकं लबाडीतही नीट चालतं. बुधवारी सकाळपर्यंत अठरांनी टोक काढलं होतं. मला हायसं वाटलं. जुने चार बोटं गहू त्यात मिसळले, देवघरातल्या उदबत्तीची आणि शेजारच्या बंबातली राख लावली. आमच्याकडे बियाणं घरातून निघताना लेकीच्या हातानं डब्याला हळदकुंकू लावतात. वडील माझ्याकडूनच लावून घ्यायचे. भावानं डबा उचलण्याआधी थांबून माझ्याकडे पाहिलं, तर मी तेही लावलं.

फेब्रुवारीत भावानं बोलावलं. गव्हाच्या ओंब्या भाजायच्या होत्या. आम्ही दोघं गेलो, शेजारच्या वावरातले दोन शेतकरी आणि त्यांच्या बायकाही आल्या होत्या. बांधाजवळ काट्यांचा जाळ केला, हिरव्या ओंब्या शेकल्या, तळहातावर चोळून फुंकर मारली आणि गरम गरम तोंडात टाकल्या. मी जरा सुटल्यासारखी झाले होते. गहू उगवला होता, उभा होता, हिरवागार होता. कोणाला काय कळणार?

भाऊ हातातली ओंबी निरखत उभा होता. मग म्हणाला, "ताई, इकडं ये. हे पाह्य." आमच्या बन्सीची कुसळं काळी असतात, दाणा भरत आला की ओंबीला मिशा फुटल्यासारखी दिसतात. पट्टीभर पांढरी कुसळं होती. मधूनच कुठे एखादी काळी. मी काळ्या कुसळांच्या गव्हात लहानाची मोठी झाले आणि डबा भरताना मला ते आठवलंसुद्धा नाही.

मी तोंड उघडायच्या आत तो भावजयीकडे वळला.

"काहून वं, काय भरलं होतं डब्यात? बापाचं बी होतं ते! मळताना कोणाचं मिसळून टाकलंस? एक काम सांगितलं होतं, एक! दिसत नाई का डोयाले?"

ती जाळाशी ओंब्या फिरवत बसली होती. सगळे बघत होते. "मी तं निवडून भरलं होतं," ती हळू म्हणाली.

"निवडून! हेच काय निवडलं?"

शेजारच्या बायकांनी खाली पाहिलं. ओंबी करपायला लागली तशी भावजयीनं ती हातानंच ओढून काढली, आणि बोटं पदराला पुसली. आणि मी? मी हातातले दाणे चावत होते. हो, चावत होते. तोंड रिकामं झालं तर बोलावं लागेल म्हणून चावत होते. यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की तशी त्यांनी आजवर कधी टाकली नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे, फार नसेल. शेजारी निघून गेले. मग मी भावाला म्हटलं, "तिला बोलू नकोस. मी केलं ते." आणि सगळं सांगितलं. कुकर, योगवर्ग, इतवारी, राख. हळदकुंकवाचंही सांगितलं. मला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडावंच असं मनापासून वाटत होतं. त्यानं भावजयीला जे सुनावलं ते सगळं मला सुनावायला हवं होतं, वर आणखी दुप्पट.

भाऊ हसला.

"हात्तिच्या! तू खाल्लं होय? मंग सांगाचं नाई का, येडी. मी इकडं रागवून राहिलो." मग यांच्याकडे वळून म्हणाला, "भाऊजी, शुगर उतरली ना तुमची? मंग कामी आलं म्हना बापाचं बी. लेकीनंच तं खाल्लं, दुसऱ्या कोणी थोडीच खाल्लं."

आणि त्यानं माझ्या हातात आणखी एक भाजलेली ओंबी दिली.

"अरे, तिची माफी माग," मी म्हटलं.

"कोणाची?" त्यानं खरोखरच न समजून विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं. "हिची? घरातलीच तं हाये ते," असं म्हणून तो मोटर बंद करायला विहिरीकडे गेला. हेही त्याच्या मागे गेले.

भावजय उठली होती. तिनं कमरेला एक जुनं लाल लुगड्याचं फडकं खोचलं होतं, त्याच्या चिंध्या फाडत ती पिकात शिरली. काळ्या कुसळांचं रोप दिसलं की वाकायची, चिंधी बांधायची आणि पुढे जायची. कापणीला बियाण्यासाठी ती तेवढी वेगळी काढायची होती. पट्टीभरात अशी किती निघणार, पसाभर दाणे होतील की नाही, देव जाणे. मी चपला काढून तिच्या मागे गेले आणि चिंध्यांसाठी हात पुढे केला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या. हे मी पाहतो. पुन्हा काही कमी-जास्त झालं तं बोलणं मलेच बसते."

मी हात मागे घेतला आणि बांधावर येऊन बसले. ती वाकत होती, बांधत होती, पुढे जात होती. तिनं दुसऱ्यांदा माझ्याकडे पाहिलं नाही.