जावईबापूंची अभ्यासाची खोली

जावईबापूंना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकायची इच्छा झाली आणि त्या इच्छेपायी पहिला बळी गेला तो सासूबाईंच्या शिलाई मशीनचा.

त्याआधी सव्वीस वर्षं ते पाणीपुरवठा कार्यालयात जुनी दप्तरं सांभाळत होते. अमुक गल्लीतला नळ कुठल्या साली जोडला असं कुणी विचारलं, की अर्ध्या तासात फाइल काढून देत आणि उरलेला दिवस त्या दगदगीतून सावरण्यात घालवत. घरी बायको आणि सासूबाई. बायको दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. दिवसभरात इतकं बोलावं लागे, की घरी आल्यावर ती शब्द जपून वापरी. सासूबाई नवरा गेल्यावर लेकीकडे राहायला आल्या होत्या. येताना दोन पेट्या आणि पायानं चालवायचं मशीन घेऊन आल्या. मशीन स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या खोलीत मावलं आणि त्या मशीनपाशी मावल्या.

मग कार्यालयानं एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. तिथलं जेवण चांगलं असतं अशी ख्याती असल्यामुळे उपस्थिती शंभर टक्के होती. बाह्या दुमडलेल्या एका तरुण व्याख्यात्यानं सांगितलं, की शाळा-कॉलेजांवर आणि साहेबांवर विसंबून राहायचे दिवस संपले. आता प्रत्येकानं स्वतःचा ‘व्यक्तिगत अध्ययन परिवेश’ उभारायचा. पुस्तकं, व्हिडिओ, वह्या, ओळखीची माणसं, घर, कामाची जागा, जिथून म्हणून काही शिकता येतं ते सगळं मिळून तो परिवेश. जेवणानंतरच्या सत्रात बाकीच्यांनी डोळे मिटून चिंतन केलं. जावईबापूंनी मात्र शब्द न् शब्द उतरवून घेतला. व्याख्यात्याच्या कागदावर कंसात लिहिलेला ‘टाळ्या’ हा शब्द त्यानं चुकून मोठ्यानं वाचला, तोसुद्धा.

घरी येऊन त्यांनी सासूबाईंना विचारलं, मशीन थोडे दिवस बाहेर ठेवलं तर चालेल का, कारण आपल्याला परिवेश उभारायचा आहे.

“कसला वेश?” सासूबाईंनी विचारलं.

जावईबापूंनी वीस मिनिटं समजावून सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि मशीनचा पट्टा काढायला घेतला. जावयाला पुन्हा समजावायला लावण्यापेक्षा मशीन उचलणं सोपं, असा त्यांनी हिशेब केला असावा. मशीन दाराबाहेर, जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत गेलं. शेजारी एक स्टूल.

खोली रिकामी होताच जावईबापूंनी कंबर कसली. टेबल आलं. पाठीला आधार देणारी खुर्ची आली. तिच्यात बसलं की पाठ इतकी आश्वस्त होई, की डोळेही मिटत. भिंतीवर पांढरा फळा लागला. फळ्याच्या मध्यावर त्यांनी एक वर्तुळ काढून त्यात ‘मी’ असं लिहिलं आणि चहूकडे बाण काढले. एक बाण पुस्तकांकडे, एक व्हिडिओंकडे, एक तज्ज्ञांकडे. एका बाणापुढे काय लिहावं ते सुचेना, पण बाण सुबक आला होता म्हणून ठेवून दिला. फोनवर चौदा गटांत त्यांनी नाव घातलं, सहा अभ्यासक्रमांना नोंदणी केली आणि रोज सकाळी येणारे सगळे सुविचार विषयवार लावून ठेवू लागले. दप्तर सांभाळायचा हात होता, तो वाया गेला नाही.

राहता राहिलं एवढंच, की शिकायचं काय हे ठरायचं होतं. बायकोनं एकदा तसं विचारलं. आधी परिवेश पक्का होऊ दे, विषय काय, कुठलाही येऊन बसेल, असं ते म्हणाले. बायको “बरं” म्हणाली. या विषयावरचं तिचं ते शेवटचं वक्तव्य ठरलं.

बाहेर जिन्यापाशी मात्र सासूबाईंची पंचाईत झाली. आतल्या खोलीत त्यांना कुणी त्रास देत नसे. इथे चार मजल्यांची माणसं येता-जाता थांबू लागली. कुणाची पिशवी उसवलेली, कुणाची चेन अडकलेली. चेन दुरुस्त करणं सासूबाईंना येत नव्हतं. खाली रस्त्यावर चपला शिवणाऱ्याला येत होतं, म्हणून त्या दोन दुपारी त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि शिकून आल्या. बदल्यात त्याला शिवणमशीनच्या दोऱ्याचा ताण कसा जुळवायचा ते दाखवून आल्या. चौथ्या मजल्यावर एक नर्स राहायची. तिच्याकडून त्यांनी एका हातानं गाठ मारायची युक्ती घेतली. एक शिक्षिका सायंकाळी पायरीवर बसून वह्या तपासत असे. तिच्या मदतीनं सासूबाई फोनवर शिवणकामाचे व्हिडिओ बघायला शिकल्या. शिवणारी बाई भलत्याच भाषेत बोलत असली तरी त्यांचं काही अडत नसे. “तिच्या तोंडाकडे बघतंय कोण, हाताकडे बघायचं,” असं त्या म्हणत. दीड वर्षात छत्र्या, दप्तरं, पडदे आणि एका आजोबांचा कमरेचा पट्टा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं.

जावईबापूंना या गजबजाटाचा त्रास होई. ते दार लावून घेत. पहिल्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा त्यांनी चार वेळा सुरू केला होता, आणि चारही वेळा त्यांच्या लक्षात आलं होतं, की आवाज नीट ऐकू यायला चांगले हेडफोन हवेत.

परिवेशाचं हे सगळं कार्यालयाच्या कानावर गेलं. खुद्द जावईबापूंनीच ते रोज थोडं थोडं घातलं होतं. मोठ्या साहेबांना वरून विचारणा झाली होती, की त्या प्रशिक्षणाचं फलित काय. फलित म्हणून दाखवायला सगळ्या कार्यालयात एकच माणूस निघाला. वार्षिक सभेत जावईबापूंनी आपला अनुभव सांगावा, असं ठरलं.

सभेच्या सकाळी ते कोट घालून निघाले आणि मधलं बटण तुटून हातात आलं. बायको केव्हाच कामावर गेली होती. ते कोट घेऊन जिन्यापाशी गेले. सासूबाईंच्या मांडीवर कुणाचा तरी पडदा होता, दोन्ही हात गुंतलेले.

“मला उठता यायचं नाही, जावईबापू. बसा पायरीवर. सुई घ्या.”

“मी?”

“मग काय, पडदा शिवता का?”

जावईबापू पायरीवर बसले. सुई ओवायला सहा प्रयत्न लागले. त्यांनी बटण कापडाला घट्ट आवळून टाकलं तेव्हा सासूबाईंनी ते उसवायला लावलं. बटणावर काडेपेटीतली एक काडी आडवी ठेवा, त्या म्हणाल्या, आणि काडीवरून टाके घ्या. शेवटी काडी काढली की दोरा सैल पडेल. मग बटणाखाली त्याला चार वेढे द्या आणि गाठ मारा.

“कापडाला चिकटून बसलं तर काजात कसं जाईल? थोडी जागा लागते,” त्या म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या.

बटण लागलं. जरा तिरकं, पण लागलं. जावईबापूंनी ते तीन वेळा लावून-काढून पाहिलं. खुर्ची, फळा, चौदा गट यांतून कधी न झालेला एक आनंद त्यांना झाला, आणि तो कुठल्या बाणापुढे लिहावा हे कळेना.

सभेत त्यांनी फळ्याचा फोटो पडद्यावर दाखवला आणि चाळीस मिनिटं बाण समजावून सांगितले. लोकांनी सहन केलं. शेवटी मागच्या रांगेतून पंप चालवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, “ते सगळं ठीक, पण दोन वर्षांत तुम्ही शिकलात काय?”

जावईबापूंचा हात कोटावर गेला. खोटं बोलायला वेळ मिळाला असता तर ते बोलले असते. “बटण लावायला,” ते म्हणाले.

सभागृह हसलं. जावईबापू हसले नाहीत. काडीची सगळी हकीकत त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. त्यावर सभागृह एकदम गंभीर झालं. साहेबांना त्यात खोल अर्थ दिसला. शिकणारा आणि विषय यांत काडीइतकं अंतर हवं, असं ते समारोपात म्हणाले. काडी घालण्याचा अनुभव या कार्यालयात सगळ्यांच्याच गाठीशी आहे, असं कुणीतरी हळूच म्हणालं, पण ते इतिवृत्तात आलं नाही. इतिवृत्तात आलं ते ‘बटण प्रारूप’. पंधरा दिवसांत जावईबापू अध्ययन समन्वयक झाले आणि पाच शाखांतून त्यांची व्याख्यानं लागली.

नेमणूक झाली त्या संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना खोली परत देऊ केली. मशीन आत घेऊ या, म्हणाले. सासूबाईंनी दारातून खोलीकडे एक नजर टाकली.

“नको. आत कोण येतंय?”

जावईबापूंना हे लागलं. पण खोटं काही नव्हतं. त्या खोलीत दोन वर्षांत त्यांच्याखेरीज कुणी पाऊल टाकलं नव्हतं, आणि फळ्यावरच्या ‘मी’ला इतके बाण असूनही एकाही बाणावरून कुणी चालत आलं नव्हतं. चार दिवसांनी बायकोनं त्या खोलीत दोरी बांधली आणि धुतलेल्या चादरी वाळत घातल्या. जावईबापूंनी चिमटे पुढे केले.

तिसऱ्या शाखेतल्या व्याख्यानानंतर तिथल्या एका बाईनं शंका विचारली: बटण कळलं, पण काज कसं करायचं? जावईबापूंनी ‘उत्तम प्रश्न’ असं म्हणून वेळ मारून नेली. पण परतताना वाटभर ते डोक्यात घोळत राहिलं. घरी आल्या आल्या, बूट न काढताच, ते पायरीवर बसले आणि सासूबाईंना काज शिकवायला सांगू लागले.

“माझं काज चांगलं होत नाही, कडा सुटतात,” सासूबाई म्हणाल्या. “तिसऱ्या मजल्यावर त्या गणवेश शिवणाऱ्या बाई आहेत ना, त्यांचं बघा. आता घरी असतील.”

इतकी वर्षं एकाच इमारतीत राहून जावईबापू तिसऱ्या मजल्यावर कधी गेले नव्हते. काय सांगून जाऊ, असं त्यांनी विचारलं. येत नाही म्हणून आलो असं सांगा, सासूबाई म्हणाल्या आणि मशीनवरची एक चिंधी त्यांच्या हातात दिली. जावईबापू ती घेऊन जिना चढू लागले.